उघडलेला अॅम्प आणि न उघडलेला अॅम्प

किस्से कुणी ठरवून गोळा करत नाही. एका खोलीत चार म्हातारे, दोन स्पीकर आणि एक सोल्डरिंग गन ठेवा, दार लोटून घ्या आणि वर्षभराने उघडा. पंख्याच्या पात्यांवर काजळी साचावी तसे किस्से साचलेले असतात. पुसायला गेलं की आणखी पसरतात.

आमची खोली म्हणजे अंबरनाथला शिवमंदिराच्या रस्त्यावरचा मनोहर टिपणीसचा हॉल. टिपणीस एका केमिकल कंपनीत इन्स्ट्रुमेंट खात्यात ऑफिसर होता. रिटायर झाल्यावर लोक नातवंडं सांभाळतात, सोसायटीच्या कमिटीत भांडतात. याने अॅम्प्लिफायर उघडला! विकत आणलेला, धडधाकट, चांगला वाजणारा अॅम्प. त्यातले कंडेन्सर काढून दुसरे घालायचे, आतल्या वायरी बदलायच्या, झाकण लावायचं, गाणं ऐकायचं आणि परत झाकण काढायचं. याला हे लोक 'मॉड' म्हणतात. टिपणीसचं म्हणणं, मॉड केला की आवाज सुधारतो. माझं म्हणणं, आवाज होता तिथेच राहतो, सुधारतो तो टिपणीसचा मूड.

मी आयुष्यभर बातमीदारी केली. "पाणीपुरवठा सुधारला" असं पत्रक आलं की मी नळाखाली बादली लावून बघायला जायचो. 'सुधारला' या शब्दाशी माझं तेव्हापासूनचं वैर आहे. त्यामुळे रविवारच्या बैठकीत विरोधी पक्ष कायम मीच. टिपणीसच्या बाजूने दोघं. एक बदलापूर गावातला काशिनाथ भोईर. हळदी-लग्नांना साउंड पुरवायचा त्याचा धंदा. आता मुलं बघतात आणि हा फक्त "आवाज वाढवा" एवढंच सांगायला जातो. दुसरा उल्हासनगरचा लच्छूभाई थदानी. कॅम्प तीनला त्याचं इलेक्ट्रॉनिक पार्टचं दुकान आहे. आणि टिपणीसची बायको, सुधावहिनी. त्या कोणत्याच पक्षात नाहीत. ज्या पक्षामुळे घर लवकर आवरलं जाईल, त्या पक्षाला त्यांचा बाहेरून पाठिंबा असतो.

वर्षानुवर्षं हा वाद हसण्यावारी चालला होता. मग टिपणीसचे कान जायला लागले. आधी दाराची बेल, मग पाखरं, मग गाण्यातली झांज. एका रविवारी बाकीचे दोघं जिना उतरून गेल्यावर त्याने मला थांबवून घेतलं.

"रिपोर्टर, सगळं जायच्या आत मला एकदा कळू दे," तो म्हणाला. "इतकी वर्षं जे करत बसलो त्याने खरंच काही झालं, की मी नुसता खेळत होतो? ते दोघं माझं मन राखतील. तू राखणार नाहीस."

आयुष्यात मला मिळालेलं हे सर्वांत वाईट सर्टिफिकेट. पण खरं होतं!

*

मॉडवाल्यांचा एक लाडका पुरावा असतो: "बायकोला स्वयंपाकघरातून कळलं!" टिपणीसही तो द्यायचा.

"सुधाला मी काही सांगितलं नव्हतं. आतल्या वायरी बदलल्या, गाणं लावलं आणि विचारलं, 'कळलं का?' तर आतून लगेच म्हणाली, 'हो, कळलं!' आता बोल!"

साक्षीदार घरातच असताना ऐकीव माहितीवर कशाला विसंबायचं? मी उठून सरळ स्वयंपाकघरात गेलो. वहिनी सोडे निवडत होत्या.

"वहिनी, खरंच फरक कळला तुम्हाला?"

"मला कसला कळतोय, भावजी! वर एक्झॉस्ट फॅन, इकडे मिक्सर. गाणं लावलंय हेच मला कळलं नव्हतं."

"मग हो का म्हणालात?"

"नाही म्हटलं तर ते परत उघडतात. तो डबा डायनिंग टेबलावर उघडा पडला की आम्ही मांडीवर ताटं घेऊन जेवतो. मागच्या वेळी माझ्या आमटीत काय सापडलं माहितीये? स्क्रू! हो म्हटलं की संध्याकाळपर्यंत टेबल रिकामं."

मी बाहेर आलो. टिपणीस वाटच बघत होता.

"काय म्हणाली?"

"नाव न छापण्याच्या अटीवर बोलल्या," मी म्हटलं.

*

अॅम्पला खालून हादरे बसतात आणि त्याने आवाज गढूळ होतो, असं टिपणीसने कुठेतरी वाचलं. बाजारात त्यासाठी खास रबरी पाय मिळतात. टिपणीसला ते पटले नाहीत. म्हणाला, "रबर एक नंबर पाहिजे. उष्णता सहन करणारं, दाबाला न हरणारं."

त्या दिवशी आम्ही सगळे जेवायला होतो. अॅम्प खरंच झकास वाजत होता, निदान ते तिघं तसं म्हणत होते. वाजून गेला एक, वाजून गेले दोन, आतून कुकरची शिटी काही येईना. शेवटी वहिनी बाहेर आल्या, अॅम्पसमोर वाकल्या, त्याच्या चारही कोपऱ्यांखाली बघितलं आणि शांतपणे म्हणाल्या,

"भात कच्चा आहे. आवाज शिजलाय, तोच वाढून घ्या!"

*

लच्छूभाईच्या दुकानाची गोष्ट मला फार आवडते, कारण तिच्यात दुकानदार खरं बोलतो आणि त्याच कारणाने गोत्यात येतो.

टिपणीसला जपानी कंडेन्सर हवे होते. लच्छूभाईने समोर डबा ठेवला आणि सांगून टाकलं, "साईं, जपान का नहीं है. यहीं का है. माल अच्छा है, मी स्वतः वापरतो, पण जपान का नहीं है."

टिपणीस न घेता परत आला. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेला. "जपानचा आला का?" लच्छूभाई पुन्हा तेच, "नहीं आया साईं. येणार पण नाही. हा घ्या ना!" टिपणीस पुन्हा हात हलवत परत.

तिसऱ्या खेपेला टिपणीसला दिसलं, काउंटरमागच्या काचेच्या कपाटात, कुलपात, कापसावर दोन कंडेन्सर ठेवलेत.

"ते काय आहे?"

"वो छोड़ो साईं. वो बेचने का नहीं है."

झालं! टिपणीसने चहा मागवला, आमच्या मैत्रीची आठवण करून दिली, लग्नाच्या वाढदिवसाचं कारण काढलं आणि शेवटी ते दोन कंडेन्सर रुमालात बांधून घरी आणले. रविवारी आम्हाला ऐकवले. "बघा! पडदा बाजूला झाल्यासारखं वाटतंय!"

लच्छूभाई बराच वेळ चुळबुळ करत होता. त्याला राहवेना. "साईं, सच बोलूं? तुम्ही जे दोनदा नको म्हणालात ना, त्याच डब्यातले आहेत ते. भाव पण तोच लावला. जास्त घेतला असता तर चोरी झाली असती. आणि मी खोटं कुठे बोललो? बोला ना रिपोर्टरसाहेब! बेचने का नहीं था. यांनी जबरदस्तीने नेला!"

मी विजयी मुद्रेने टिपणीसकडे बघितलं. आता तरी मान्य करशील?

टिपणीसने अॅम्पच्या झाकणावरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "पण काचेत ठेवलेले होते ना? धूळ बसली नव्हती. फरक पडतो!"

*

आमच्या पट्ट्यातल्या कारखान्यांना शुक्रवारी सुट्टी. त्यावरून टिपणीसने सिद्धांत काढला. एरवी हजार मोटारी, वेल्डिंग, कंप्रेसर चालू असतात, ती सगळी घाण तारांमधून घरात येते. शुक्रवारी कारखाने बंद, म्हणजे वीज स्वच्छ. "तुम्ही माझा अॅम्प रविवारी ऐकता. सकाळच्या शिफ्ट चालू असतात तेव्हा! एकदा शुक्रवारी या, मग बोला."

गेलो. भोईर बदलापूरहून एका लग्नाची बोलणी टाकून आला. लच्छूभाईने दुकानावर मेहुण्याला बसवलं. टिपणीसने अॅम्प आधीच चालू करून ठेवला होता, कारण तो तापल्याशिवाय म्हणे खरा आवाज देत नाही. तिघांना जागा ठरवून बसवलं. मला दाराजवळचं स्टूल दिलं. विरोधी पक्षाला सोफा मिळत नाही.

टिपणीसने बोट उचललं, "आता ऐका!" आणि पंखा थांबला.

आम्ही सगळे त्या पंख्याकडे बघत राहिलो. शुक्रवार! कारखाने बंद असतात म्हणूनच वीज कंपनी दुरुस्तीची कामं शुक्रवारी काढते. इथे राहणारं लहान मूलही शुक्रवारी सकाळी उठून पाणी भरून ठेवतं. आणि इन्स्ट्रुमेंट खात्याचा हा ऑफिसर!

टिपणीसचा चेहरा पडला होता. वहिनींनी आतून विचारलं, "वर्तमानपत्र देऊ का वारा घ्यायला?"

भोईरने डोळे मिटून घेतले, मान डोलावली आणि म्हणाला, "साहेब, बरोबर बोलला तुमी. एकदम स्वच्छ हाय. जरा पन खरखर नाय!"

*

एकदा टिपणीसने स्पीकरच्या वायरी बदलल्या. जाड, पिळाच्या, दिसायलाच दणकट.

गाणं सुरू झालं तसा भोईर सरसावून बसला. "अरे वा! खोली मोठी झाल्यागत वाटतंय!"

लच्छूभाई म्हणाला, "बाई इकडे नाहीच गात, तिकडे कपाटामागे गातेय! क्या बात है!"

टिपणीस खुशीत. मी नेहमीप्रमाणे जाहीर केलं, "मला काडीचा फरक वाटत नाही."

चहा झाला. टिपणीसला काहीतरी खटकत होतं. तबला पोकळ वाटत होता. तो स्पीकरच्या मागे वाकला आणि बराच वेळ तिथेच राहिला. उठला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. एका स्पीकरला लाल आणि काळी वायर उलटी लागली होती! म्हणजे एक स्पीकर ढकलतोय तेव्हा दुसरा ओढतोय, असा तो सगळा कारभार होता. म्हणूनच बाई कपाटामागे गेली होती.

मी हात वर करून उभा राहिलो. "चुकीच्या वायरिंगला वा वा म्हणणारी ही माणसं! आणि यांच्या साक्षीवर तुझे मॉड उभे आहेत!"

टिपणीसने वायरी सरळ केल्या. गाणं लावलं. बाई कपाटामागून निघून मधोमध आली.

"उलटाच ठेव," भोईर म्हणाला. "त्यात मजा व्हती."

टिपणीस माझ्याकडे वळला. "यांना आवडलं ते चुकलं असेल. पण फरक होता की नव्हता? होता! मोठा होता! आणि तो खोलीत कुणाला ऐकू आला नाही? तुला! आता तू तुझ्या साक्षीचं काय ते बघ."

कोर्टात याला उलटतपासणी म्हणतात. त्या दिवशी मी चहा अर्धा टाकून निघालो.

*

कानाच्या डॉक्टरकडे टिपणीसला मी घेऊन गेलो. बदलापूरला. मुलगा पुण्याला असतो आणि वहिनींनी सांगून ठेवलं होतं, "भावजी, तुम्हीच जा. मी गेले तर ते डॉक्टरला सगळं बरं आहे म्हणून सांगतील."

तपासणीची एक छोटी बंद खोली होती. तिथल्या मुलीने टिपणीसच्या कानांवर हेडफोन चढवला, हातात बटण दिलं. "काका, बारीक आवाज आला की दाबायचं."

टिपणीसने हेडफोन काढून उलटापालटा करून बघितला. "हे मशीन शेवटचं कॅलिब्रेट कधी केलं होतं?"

"काका, घाला ना."

घातला. सुरुवातीला बटण पटापट दाबलं. मग सावकाश. मग त्याने दाबणंच थांबवलं आणि नुसता काचेतून आमच्याकडे बघत बसला. तपासणी संपल्यावर बाहेर येऊन त्या मुलीला म्हणाला, "तुमच्या हेडफोनची वायर फार बारीक आहे. वरचे सूर त्यातून जातच नसणार. वायर बदला, मग बघा."

मुलगी बिचारी समजूतदार होती. ती वाद घालत बसली नाही. तिने मला म्हटलं, "काका, तुम्ही बसता का जरा?"

मी बसलो. मला सगळे आवाज ऐकू आले. अगदी वरचा, डासासारखा, तोसुद्धा. मी बटण दाबत होतो आणि काचेपलीकडे टिपणीस माझा अंगठा बघत होता.

बाहेर आलो तेव्हा त्या मुलीने फक्त एवढंच म्हटलं, "वायर तीच आहे, काका."

कंप्रेसर हाउसमध्ये उभं राहून टिपणीसने अर्धं आयुष्य काढलं होतं. कानात घालायचे बोळे कंपनी द्यायची. ते घातले तर मशिनीत बिघाड झालेला ऐकू येत नाही म्हणून तो ते खिशात ठेवायचा. कंपनीने ते कधी तपासलं नाही. मशीन कुठे बिघडलं ते कागदावर येतं, माणसाचं काय गेलं ते कुठल्या कागदावर येत नाही. यावर मी रिक्षा मिळेपर्यंत तावातावाने बोलत होतो. टिपणीसचं लक्षच नव्हतं.

रिक्षात बसल्यावर तो म्हणाला, "इतके चांगले कान देवाने दिले, आणि कुणाला दिले बघ! तुला!"

*

बदलापूरला नव्या टॉवरखाली एक भारी ऑडिओ शोरूम उघडली. काच, कार्पेट, मंद दिवे. भोईरच्या पोराच्या ओळखीने आम्ही चौघं तिथे गेलो. टाय लावलेला एक विक्रेता होता. त्याने एक केबल अशी हातात घेतली की जणू बारशाचं बाळ.

मी विचारलं, "साध्या केबलपेक्षा यात काय सुधारतं?"

"सर, हवा. दोन स्वरांमधली हवा ऐकू येते."

माझं डोकं तिथेच सणकलं. "मग दोन्ही केबल लावा. मी डोळे झाकतो. तुम्हीही झाका. कुठली कुठली ते दोघं मिळून ओळखू."

"आम्ही अशा टेस्ट करत नाही, सर."

"का नाही करत?"

तो थंडपणे हसला. "सर, खरं सांगू का? हे सगळ्यांसाठी नसतं. ज्यांना ऐकूच येत नाही त्यांच्यासाठी तर नाहीच."

तो मला टोमणा होता. पण टिपणीस माझ्या शेजारी बसला होता. त्याने मांडीवरची पिशवी उगाच नीट केली. लच्छूभाई कार्पेटकडे बघायला लागला. मी उभा राहिलो. काय बोललो ते इथे लिहीत नाही; माझ्या जुन्या संपादकाने छापलं नसतं.

भोईर मात्र बसूनच होता. त्याने विक्रेत्याला जवळ बोलावलं, त्याचा टाय सरळ केला आणि मायेने म्हणाला,

"दादा, एकदा आमच्या गावात हळदीला ये. माझा साउंड लावलेला असतो. ज्याला ऐकू येत नाय ना, तो पन नाचतो!"

*

आणि शेवटी ती चाचणी झाली. टिपणीसनेच दिवस ठरवला. म्हणाला, "आता थांबलो तर उरलंसुरलंही जाईल."

योगायोग असा की भोईरने फार वर्षांपूर्वी टिपणीसबरोबरच, तोच, त्याच कंपनीचा अॅम्प घेतला होता आणि तो कधी उघडला नव्हता. "माझ्याला अजून स्क्रू-ड्रायव्हर लागला नाय," भोईर अभिमानाने म्हणाला. म्हणजे एक उघडलेला, एक न उघडलेला. दोन्हींचा आवाज लच्छूभाईने मीटर लावून सारखा केला. दोन्ही अॅम्प आणि स्पीकर यांच्यापुढे हॉलच्या रुंदीची चादर बांधली.

पद्धत वहिनींनी काढली. एका डब्यात राजमा आणि हरभरे मिसळले. राजमा म्हणजे मॉड केलेला अॅम्प, हरभरा म्हणजे साधा. वहिनी चादरीमागे बसून न बघता एक दाणा काढणार, तो अॅम्प लावणार आणि दाणा ताटात ठेवणार. इकडे टिपणीस नुसतं "राजमा" किंवा "हरभरा" म्हणणार, आणि लच्छूभाई दुसऱ्या ताटात तो दाणा ओळीने मांडणार. शेवटी दोन्ही ताटं शेजारी ठेवायची. इतकी पारदर्शक निवडणूक मी आयुष्यात कव्हर केली नव्हती.

नियम टिपणीसने सांगितले. "निम्मे बरोबर आले तर ते नशीब. म्हणजे मी हरलो. तसं झालं तर मी जुने पार्ट परत बसवणार, झाकण लावणार आणि सोल्डरिंग गन लच्छूला देऊन टाकणार."

लच्छूभाई घाईने म्हणाला, "मला नको साईं. माझ्याकडे खूप आहेत."

वहिनींनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. त्यांच्या हातात तो डबा होता आणि तो किंचित वाजत होता.

"भावजी, हरले तर उद्यापासून सकाळी उठून ते करतील काय?"

"वहिनी, मी निकाल फिरवणार नाही."

"फिरवा कुठे म्हणतेय? मी विचारतेय, करतील काय?"

मी त्यांच्या हातातला डबा घेतला आणि बाहेर आलो.

कुणी खुणा करू नयेत म्हणून मी माझी खुर्ची टिपणीसच्या समोर, चादरीच्या जरा बाजूला टाकली. भोईर आणि लच्छूभाईला टिपणीसच्या पाठीमागे बसवलं. मला फक्त टिपणीसवर नजर ठेवायची होती. त्याने चादरीकडे बघितलं, मान हलवली आणि म्हणाला, "सुधा, लाव."

एक जुनी ठुमरी होती. बाईचा आवाज आणि मागे सारंगी. थोडी वाजायची, मग अॅम्प बदलायचा खटका, मग पुन्हा तीच ओळ. टिपणीस पहिल्या खेपेला फार वेळ बोललाच नाही. शेवटी म्हणाला, "थांब सुधा. ही खेप मोजू नकोस. पुन्हा पहिल्यापासून."

मी म्हटलं, "सरावाची एक खेप मान्य."

मग मात्र त्याची गाडी चालू लागली. "हरभरा." खटका. "राजमा." खटका. "राजमा." लच्छूभाई दाणे मांडत होता. मी पापणी न हलवता टिपणीसकडे बघत होतो आणि टिपणीस माझ्याकडे. डाव संपला तेव्हा वहिनी ताट घेऊन चादरीमागून आल्या. लच्छूभाईने आपलं ताट शेजारी ठेवलं.

राजम्यासमोर राजमा. हरभऱ्यासमोर हरभरा. पहिल्यापासून शेवटपर्यंत!

"ओ साईं!" लच्छूभाई ओरडला. भोईरने टिपणीसला खुर्चीसकट हलवलं. "जिकलं! आमचा साहेब जिकला!" वहिनी तिथेच सोफ्याच्या कडेवर बसल्या आणि पदराने डबा पुसायला लागल्या.

मी चादर सोडली. मागे गेलो, खटका वाजवून बघितला, दोन्ही बाजूंना सारखाच वाजत होता. चादर पुन्हा पुढे धरून अॅम्पचे दिवे तिच्यातून दिसत होते का ते बघितलं. दिसत नव्हते. वहिनींना विचारलं, त्या म्हणाल्या, "अहो, मी तर श्वास धरून बसले होते!"

परत आलो तेव्हा माझ्या लक्षात आलं, या गोंधळात टिपणीस एकटा ताटांकडे न बघता माझ्याकडे बघतोय.

"मनोहर, ओळखलंस कसं?"

"मी नाही ओळखलं," तो म्हणाला.

भोईरने त्याच्या खुर्चीवरचा हात काढला.

"मला दोन्ही सारखेच लागले रे. पहिल्या खेपेलाच कळलं, माझ्या कानांना आता यातलं काही कळत नाही. गेलं ते. मग बसल्या बसल्या करायचं काय? तू माझ्यासमोर बसला होतास, तर तुला बघत बसलो." तो हसला. "एक अॅम्प लागला की तुझ्या कपाळावर ती आठी असायची, पत्रक वाचताना असते ती. दुसरा लागला की ती जायची. मी आठी गेली की राजमा म्हणायचो."

"काहीतरीच बडबडू नकोस!" मी म्हटलं. "मला काडीचा फरक वाटला नाही. वहिनी, चादर बांधा. परत लावा!"

वहिनी उठल्या. चादर बांधली. मागे गेल्या. मी चादरीकडे तोंड करून बसलो. डब्यातले दाणे हलल्याचा आवाज आला.

टिपणीसने आपली खुर्ची उचलली आणि माझ्यासमोर आणून ठेवली. लच्छूभाईने त्याच्या शेजारी आपली ओढली. भोईरने स्टूल घेतलं. तिघंही स्पीकरकडे पाठ करून, माझ्याकडे तोंड करून बसले.

"लाव, सुधा," टिपणीस म्हणाला.